केवळ शोभेसाठी

४ मार्च
सरकारला कामं उरलेली नाहीत. मुलांच्या जुन्या वस्तू विकायच्या तर आता म्हणे तपासणी. प्रॅम, खेळणी, उंच खुर्च्या, बेबी कॉट, सगळ्यांची. म्हणजे माझ्या गॅरेजवर धाड. रिटायर झाल्यावर लोक गुडघे कुरवाळत बसतात, मी गाडी विकून त्या जागेत दुकान थाटलं. एकाचं मूल मोठं होतं, दुसऱ्याचं जन्माला येतं, मधे मी. यात सरकार कुठून घुसलं?
पेपरला पत्र लिहिलं. 'विकणारीला आपला माल ठाऊक असतो, घेणारीला आपलं मूल. तिसऱ्याने नाक खुपसू नये.' वाक्य फारच छान उतरलं. दोनदा मोठ्याने वाचलं. हे म्हणाले, छान आहे, पण टीव्हीचा आवाज ऐकू येत नाहीये.
संकल्प: लढायचं. आणि यांच्यावर ओरडायचं नाही.

५ मार्च
ओरडले. पण कारण तसंच होतं. ओला टॉवेल प्रॅमवर वाळत घातला होता.

११ मार्च, सकाळी
इन्स्पेक्टरबाई येऊन गेल्या. बाई कसली, कोवळी पोरगी, गळ्यात ओळखपत्र. सगळीकडे पट्टी लावून मोजत होती. मी तिला व्यापारस्वातंत्र्यावर जे सुनावलं ते एखाद्या हॉलमध्ये शोभलं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं, पाणी मागितलं, आणि त्या शिसवी रंगाच्या बेबी कॉटपाशी जाऊन बसली. कॉटचा एका बाजूचा कठडा खाली सरकतो, म्हणजे आईला बाळ उचलताना वाकावं लागत नाही. किती सोयीचं. ही म्हणते, असे सरकते कठडे आता विकायचे नाहीत, आणि आजी, याची तर कडी झिजलीये, बघा.
आजी! माझी मुलगी अजून बाळंत व्हायची आहे. तिला ताबडतोब दुरुस्त केलं. मॅडम म्हणायचं, म्हटलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अनोळखी बाईला आजी म्हटलं असतं तर सिस्टरने वर्गाबाहेर उभं केलं असतं.
कडीकडे बघायचं राहून गेलं.

१२ मार्च
सुचलं! अख्खी नोकरी विमा कंपनीत क्लेम नाकारण्यात गेली, बारीक अक्षरात काय ताकद असते ते मला शिकवू नका. कॉट ही कॉट म्हणून विकायचीच नाही. पुठ्ठ्याची छोटी चिठ्ठी केली, दोऱ्याने कठड्याला बांधली: 'केवळ शोभेसाठी'. अक्षर असं की सिस्टर आग्नेसने फळ्यावर लावलं असतं.
हे म्हणाले, बाळाचा पलंग शोभेला कोण ठेवतं? मी म्हटलं, तुम्हाला कायद्यातलं कळत नाही. ते म्हणाले, कायद्यातलं नाही, पलंगातलं विचारतोय.
उत्तर दिलं नाही. (संकल्प.)

१६ मार्च
कॉट गेली! केमिस्टच्या काउंटरवरची मुलगी घेऊन गेली. माझ्या बीपीच्या गोळ्या तीच देते. बाळ आता रांगतं म्हणे, खाली झोपवायची भीती वाटते. चिठ्ठी वाचून थबकली. म्हणाली, मॅडम, हे शोभेसाठी म्हणजे? मी म्हटलं, अगं, ते सरकारच्या तोंडावर फेकायला. तू बिनधास्त झोपव. तिचा चेहरा असा उजळला! चिठ्ठी तिने सोडवून मलाच परत दिली.
एक घेणारी, एक विकणारी, दोघी खूश. याला म्हणतात स्वातंत्र्य.
ज्येष्ठ नागरिक मंडळात याच विषयावर बोलणार. अध्यक्षांना कळवलं. ते नको नको म्हणत होते, पण तो त्यांचा विनय.

२० मार्च
मुलीचा फोन. बाळंतपणाला पुढच्या महिन्यात येतेय. म्हणाली, आई, कॉटचं काय? मी म्हटलं, मागवली. नवी. सरकारी शिक्का असलेली, कठडे पक्के, न हलणारे.
फोन ठेवला तर हे बघत होते. म्हणाले, गॅरेजमध्ये अजून दोन आहेत ना तुझ्या? मी म्हटलं, पहिलं नातवंड आहे, जुन्यात कशाला. ते म्हणाले, हं.
हा माणूस पूर्वी बोलायचा तेव्हा बरं होतं. उत्तर तरी देता यायचं.
यात विसंगती काहीही नाही. स्वातंत्र्य म्हणजे नवं घेण्याचंही स्वातंत्र्य.

२६ मार्च
गोळ्या आणायला गेले. काउंटरवर मालक स्वतः. ती मुलगी रजेवर. बाळ पडलं. कठड्याला धरून उभं राहायला गेलं आणि कठडा खाली. भुवईवर टाके. मालक सांगत होता, हिनेच कडी लावली नव्हती म्हणे, हिची सासू गल्लीभर सांगत फिरतेय, मोबाइलमध्ये डोकं असतं पोरींचं.
मी म्हटलं, खरंय, हल्लीच्या पोरी.
गोळ्या न घेताच घरी आले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कडी लावायची राहिलीच असणार. आपण किती जणांच्या कड्या बघणार? डोळ्याला काही झालं नाही, हे मुख्य.
संकल्प: याचा विचार करायचा नाही.

२८ मार्च
मंडळात भाषण. सुरुवात झकास झाली. 'मित्रहो, आईबापांना अक्कल असते' इथपर्यंत आले आणि पुढचं वाक्य येईना. वाक्य समोर लिहिलेलं होतं. 'विकणारीला आपला माल ठाऊक असतो.' तोंड उघडं, आवाज नाही. खाली बसले. लोकांना वाटलं भावना अनावर झाल्या. भरपूर टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, अशी छोटी भाषणं हवीत.
रिक्षात यांना म्हटलं, घसा बसला. हे म्हणाले, घरी जाऊन गुळण्या कर.

३० मार्च
तिच्याकडे जाऊन आले. ठरवून गेले होते की सरळ सांगायचं. इन्स्पेक्टरने मला कडी दाखवली होती, मी बघितली नाही, चूक माझी. तीनच वाक्यं. जिन्यात म्हणूनसुद्धा पाहिली.
एका खोलीचं घर. कॉट भिंतीकडे तोंड करून उभी. बाळ सासूच्या मांडीवर, भुवईवर पांढरी पट्टी. मला बघून हसलं. ते तरी रडायला हवं होतं.
सासूने आल्या आल्या सुरू केलं, बघा हो बाई, तुम्ही एवढी चांगली वस्तू दिलीत आणि आमच्या महाराणीला कडी लावता येत नाही. ती मुलगी ओट्याशी पाठमोरी, दूध तापवत. म्हणाली, लावली होती आई. हळूच. किती वेळा म्हणून झालं असेल, आवाजावरून कळत होतं.
आणि मी काय म्हणाले? म्हणाले, तिची चूक नाही हो. सरकारने हे कठडेच बाद केलेत. वस्तू परत घेऊन जायला आलेय.
सरकारने! मी!
सासूने एकदा कॉटकडे बघितलं. मग म्हणाली, म्हणजे कडी लावूनही पडलं असतं? म्हटलं, हो. तिने सुनेकडे बघितलं, पदराने बाळाचं तोंड पुसलं, ते स्वच्छच होतं. सुनेने गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली. माझं काम झालं होतं. उठायला हवं होतं.
तेवढ्यात सासूने विचारलं, विकताना तुम्हाला माहीत नव्हतं का पण?
मी नाही म्हटलं.
ती मुलगी वळली. चिठ्ठी तिनेच तर सोडवून माझ्या हातात दिली होती. बिनधास्त झोपव, हेही तिनेच ऐकलं होतं. माझ्याकडे नीट बघितलं आणि सासूला म्हणाली, त्यांना कसं माहीत असणार आई, त्याही फसल्या असतील.
मग मला चहा दिला. साखर विचारून.

३१ मार्च
कॉट गॅरेजमध्ये आली. कडी स्वतः लावली, खटका ऐकला. कठड्यावर हात टेकला. नुसता टेकला.
पडला.
हे दारात उभे होते. करवत घेऊन आले. दोघांनी मिळून तिचे तुकडे केले. उरलेल्या दोन्हींचेही.

३ एप्रिल
पत्र छापून आलं. आज! महिना झाला होता, मला वाटलं टोपलीत गेलं. चौकटीत, ठळक, खाली माझं संपूर्ण नाव आणि 'उद्योजिका'. मंडळाच्या अध्यक्षांचा अभिनंदनाचा फोन. हे विचारतात, कात्रण कुठे चिकटवू?
गोळ्या संपल्या होत्या, जावंच लागलं. दुसऱ्या केमिस्टकडे जाणार होते. पाय तिथेच गेले. ती कामावर आली होती. पट्टी काढली म्हणाली, व्रण राहील थोडा, भुवईच्या केसांत झाकला जाईल.
काउंटरवर पेपर, तेच पान वर. तिने गोळ्या पाकिटात घातल्या. मग त्या वाक्यावर बोट ठेवून हळूच वाचलं, 'विकणारीला आपला माल ठाऊक असतो.' टोमणा नव्हता. नुसतं वाचलं, औषधावरची तारीख वाचतात तसं.
मग म्हणाली, सुट्टे आहेत का, आजी?
दुरुस्त केलं नाही. सुट्टे शोधत राहिले.