आतून कडी

ता. ७ मार्च

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

स्वेटर पोचला. एक हात घातला तर बाहीत काहीतरी टोचलं. उसवून बघतो तर तुझ्या टीबीच्या गोळ्या. सोबत चिठ्ठी, की दोन महिन्यांत माझा खोकला गेला, उरलेल्या तुला होतील, तिकडची हवा वाईट. तुझ्या मायेला कोपरापासून हात जोडले.

एकच बाही घातलेला मी तसाच, जिथे बाटल्या धुतो त्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडे धावलो. मीच धुतलेल्या दोन बाटल्या वाटेत धक्का लागून फुटल्या. रागवायचं सोडून बाईंनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. एक गोल पेशी, तिच्या पोटात लाल रंगवलेल्या बारीक काड्या. म्हणाल्या, ही पेशी शरीराची पहारेकरी. जंतू दिसला की गिळते, मग आतली आम्लाची पिशवी त्याला येऊन भिडते आणि जंतू खलास. टीबीचा जंतू मात्र त्या पिशवीला जवळच येऊ देत नाही. जिने गिळलं तिच्याच पोटात मुक्काम ठोकतो.

मी हसतच सुटलो. अगं, हा तर मी. शाळेच्या वेळी कोठीत शिरून आतून कडी लावायचो. बाहेर आई छडी घेऊन, आत मी साखरेच्या डब्यात. आतला आवाज थांबला की तुम्हाला वाटायचं, खिडकीतून उडी मारून गेला एकदाचा शाळेत. तुझा खोकला तसाच थांबलाय.

आपल्या मनाने औषध घेऊ किंवा सोडू नकोस, आधी दवाखान्यात जा, असं तुला कळवायला बाईंनी बजावलंय. इथून मला काहीच करता येत नाही, म्हणून सकाळपासून जिनाच चढतोय-उतरतोय. लगेच लिही.

लोभ करावा, बाहीत शिवू नये.
तुझा भिंगरी

ता. १९ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

तुझं पत्र वाचून तुझे दाजी पोट धरून हसले, मग चपला घालून दारात उभे राहिले. दवाखान्यात तपासलं तर थुंकीत जंतू अजून आहेत. नर्सबाईंनी तुझ्या पत्राहून लांब बोलणी दिली आणि गोळ्या पहिल्यापासून सुरू केल्या. रोज सकाळी दाजी समोर स्टूल टाकतात, मी गिळेपर्यंत हलत नाहीत.

आणि ऐक, आई कंटाळून जायची, पण कोठीच्या दाराशी मी बसून असायचे. तू हळूच कडी काढलीस की कान माझ्याच हातात. आत्ताही बसलेय. बघू कोण आधी दमतं.

स्वेटरचा खालचा काठही उसव. तिथेही आहेत.

जिना कमी, पत्रं जास्त, एवढीच माया ठेव.
ताई