आजारी रजिस्टरातला शेरा

४ मार्च

अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा फेटाळला! एक पान, त्यात साडेतीन ओळी. 'सेवाकाळात डोकेदुखीची तक्रार नोंदवल्याचे आढळत नाही.' आढळेल कशी? केलीच नव्हती. एकवीस वर्षं तोफेला खेटून उभा राहिलो. तिथे डोकं दुखतं म्हणून कोण सांगत बसतं? सांगितलं की तोफेवरून काढून कोठारात घोंगड्या मोजायला बसवायचे.

पत्र लिहिणाऱ्याला वाटतं, मी निवृत्तीनंतर हौस म्हणून हे दुखणं लावून घेतलं.

५ मार्च

सकाळी दहा ते दुपारी चार, आडवा. आधी उजवा डोळा, मग मान, मग ओकारी. हिने पडदे ओढले, बादली ठेवली.

८ मार्च

माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. खिडकीतला कारकून चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी लावून बसलेला. त्याचं नाव चिकटपट्टीच. त्याच्या डोक्यावरची ट्यूब सारखी फडफडत होती. बंद करा म्हटलं, तर म्हणे, मग तुमचा अर्ज मला दिसणार कसा?

महिन्यातून किती वेळा आडवं पडावं लागतं, असा त्याचा प्रश्न. आडवं म्हणजे पूर्ण आडवं. खुर्चीत मान टाकली तर ते धरत नाहीत! हा नियम ज्याने केला त्याला आयुष्यात सर्दीसुद्धा झाली नसणार.

अपील करायचं तर पुरावा हवा. एक तर त्या काळची नोंद, नाहीतर सोबत्याचा जबाब. तुकडीचं आजारी रजिस्टर अजून कुठल्यातरी तळघरात आहे म्हणे. नकलेसाठी अर्ज केला.

९ मार्च

लेकीचा फोन. "बाबा, सोडून द्या, कशाला डोक्याला ताप?"

डोक्याला तापच आहे, बाई. त्याचाच तर दावा आहे.

१९ मार्च

वैद्यकीय तपासणी. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा लहान. एक ते दहात किती दुखतं, विचारलं. सात म्हटलं. तिने मान वर केली. "सात असताना इथवर कसे आलात?"

बसने आलो. आलो नसतो तर 'गैरहजर' लिहिलं असतंत. आलो म्हणजे बरा आहे, नाही आलो म्हणजे गरज नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ह्यांचं टेबल.

रांगेत माझ्यापुढे एक गडी बसल्या जागी काळा चष्मा लावून, कपाळ दाबत होता. नाटकी. असल्यांमुळे खऱ्याचं खोटं होतं.

२ एप्रिल

रजिस्टराच्या नकला आल्या. चौसष्ट पानं. बोट ठेवून एकेक ओळ पाहिली. माझं नाव कुठेच नाही.

माझी सही मात्र अकरा ठिकाणी आहे.

विसरलोच होतो. हवालदार होतो ना — शेऱ्याचा रकाना माझाच. सगळे अकरा शेरे एकाच माणसाचे. आमच्या तोफेत गोळे भरणारा बारक्या. 'डोकं दुखतं म्हणतो. काम चुकवतो.' 'पुन्हा तेच नाटक.' एके ठिकाणी नुसतंच 'ढोंग'. अक्षर कसं ताठ, छाती काढून उभं!

त्या दिवसांत मी स्वतः तोफेमागे जाऊन ओकत होतो. तोंड पुसून यायचो आणि हे लिहायचो.

३ एप्रिल

आज काही नाही. डोकंही नाही.

६ एप्रिल

बारक्याकडे गेलो. चिकटपट्टीने पत्ता काढून दिला. दोन तासांचा प्रवास, दुसरा मजला. जबाब मागायला गेलो होतो, दुसरं काही मनात नव्हतं. खोटं कशाला लिहू?

खोलीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. घरी बसून पंखे दुरुस्त करतो. म्हणजे हवं तेव्हा आडवं पडता येतं. अंधारात त्याला माझा चेहरा दिसला नाही, आवाजावरून ओळखलं. हवालदारसाहेब म्हणाला. अजून!

कशाला आलो ते सांगितलं. त्याने लगेच होकार दिला. म्हणाला, "तुम्ही तोफेमागं जायचात ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सांगायचं कुणी?"

मग त्याच्या बायकोने एक पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. दोन पत्रं. त्याचाही दावा, दोनदा फेटाळलेला. कारण: तत्कालीन वरिष्ठांचा शेरा. माझं वाक्य जसंच्या तसं, छापून. सोबत रजिस्टरातल्या पानाची नक्कल, खाली माझी सही.

"खालची सही कुणाची ते आम्हाला कळत नव्हतं," ती म्हणाली. "आज कळलं. चहा घेऊन जा."

चहा घेतला. त्याने तिथेच जबाब लिहून दिला, तो खिशात घातला आणि निघालो. माफी मागितली नाही. जिना उतरताना तोंडातल्या तोंडात मागितली. तिचा काय उपयोग?

१५ एप्रिल

पुन्हा चिकटपट्टी. अपील दिलं, सोबत बारक्याचा जबाब. माझे शेरे खोटे होते असं मी लिहून दिलं, तर बारक्याचं प्रकरण उघडेल का? उघडेल म्हणाला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत बसला. "पण एकदा खोटं लिहिल्याचं तुम्हीच कबूल केलंत, तर तुमच्या अपिलात तुमच्या शब्दावर कोण विसंबणार?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला, तेही नेमकं आज.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हटलं, बारक्याने तर काही मागितलेलं नाही. ही भांडी विसळत होती. वळलीसुद्धा नाही.

"दावा मंजूर झाला तरी बादली मीच धुणार, नाही झाला तरी मीच. तुमच्या मनाला काय हवंय ते लिहा."

१६ एप्रिल

लिहिलं. 'वरील अकरा शेरे मी लिहिले. ते खोटे आहेत. त्याचं डोकं दुखत होतं हे मला माहीत होतं, कारण माझंही दुखत होतं.' चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेला कागद. नेऊन दिला. चिकटपट्टीने वाचला, शिक्का मारला. पोच देताना उभा राहिला. कशाला उभा राहिला कोण जाणे. मेहरबानीच म्हणायची.

२२ जून

माझं पत्र आलं. फेटाळला. 'अर्जदाराचे कथन विश्वासार्ह नाही.' ह्या वेळी एकच ओळ. सुधारतायत.

२४ जून

बारक्याचा फोन. मंजूर झाला! मागे त्याची बायको रडत होती की हसत होती, कळलं नाही. मग त्याने विचारलं, "हवालदारसाहेब, तुमचं?"

"झालं की," म्हणालो.