चौथी चौकट

सापगाव, शुक्रवार, जुलै २००८

आज ऑफिसात मी चार सर्व्हर एकदम अपडेट करत होते. स्क्रीनवर चार चौकटी, एकीत टाइप केलं की चारींत उमटतं. माझी नजर नेहमीसारखी पहिलीवर. तिने विचारलं, पुढे जाऊ का? मी ‘हो’साठी वाय दाबला. चौथीत मात्र प्रश्न वेगळाच होता: जुनी फाइल पुसू का? तिलाही तोच वाय गेला. फाइलची कॉपी होती म्हणून निभावलं. पण चौथीकडे मी बघितलंच कसं नाही?

घरी जेवताना आई म्हणाली, “यंदा भाताच्या लावणीला माणसा नाय मिळत. घरातल्यानी कोणी कुठं जायाचा नाय. चालंल ना?” बाबा हो म्हणाले, दादा हो, मीही हो. चुलीपाशी भाकरी थापता थापता वहिनीही हो म्हणाली. आई तेव्हा दादाकडे बघत होती. मीसुद्धा.

मग ती चौथी चौकट डोळ्यांपुढे आली. भांडी घासताना वहिनीला एकटीला विचारलं, “तुला माहेरी जायचं होतं का, शेणव्याला?”

ती घासतच राहिली. “माझ्या बाबांच्या हाताला प्लास्टर हाय. तिकडं आई एकटीच भात लावतेय.”

“मग हो का म्हणालीस?”

“सगळ्यांना इचारला ना, ताई. मला कुठं इचारला?”

आई ओटीवर बसली आहे. हे लिहून झालं की तिच्याकडे जाते. जेवताना म्हटलेला माझा हो मी मागे घेतलाय, एवढं तरी सांगते.