बिनधुराची चूल

आई, गेल्या महिन्यात माझ्या विद्यार्थ्यांनी केलेल्या भाकऱ्या बघायला तू हवी होतीस, पोट धरधरून हसली असतीस. मी आता खालापूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन गावोगाव विज्ञान दाखवत हिंडतो. यंदा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने बिनधुराची चूल बनवली. पत्र्याचं अंग आणि धूर बाहेर नेणारं धुराडं. ती कळंबच्या वरच्या ठाकरवाडीत एका आजींच्या घरी बसवायची ठरली. मी अट घातली, आधी प्रत्येकाने तिच्यावर तांदळाची भाकरी करायची. वर्कशॉपच्या मागे नुसता सावळागोंधळ! एका पठ्ठ्याने उकड न काढताच पीठ थापायला घेतलं, दुसऱ्याची भाकरी तव्यावरून सोडवायला छिन्नी मागवावी लागली. पण धूर खरंच नव्हता. मुलगी हवेत होती, आणि खरं सांगू, तिच्यापेक्षा मीच जास्त. कडावच्या आपल्या घरात चुलीपुढे बसून तू खोकायचीस, ते मी विसरलेलो नाही.

पंधरा दिवसांनी जाऊन बघतो तर चूल पडवीत आणि तिच्यात कोंबडी अंडी उबवत बसलेली. मुलं फिदीफिदी हसली. मुलीचे डोळे भरले. ‘‘सर, मला नाही परत यायचं इथे,’’ म्हणाली. तिला काय वाटत होतं ते मला चांगलंच ठाऊक होतं. शेवटच्या वर्षाला असताना मीही तुझ्यासाठी अशीच चूल आणली होती ना? दोन दिवस तू तिच्यावर रांधलंस, तिसऱ्या दिवशी आपल्या मातीच्या चुलीकडे परत. मी चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र रोज गरम भाकरी माझ्याच ताटात आधी वाढत होतीस.

मी आजींना फुप्फुसं, धूर, आजार असं सगळं समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीनेच रागारागात विचारलं, ‘‘आजी, काय वाईट आहे हो माझ्या चुलीत?’’

आजींनी वर बोट केलं. ‘‘माल्यावर बियानं हाय, दिसतं का गं? धूर नाय लागला तं कीड खाईल. कुडाला वालवी लागंल. तुमी धूर समदा भायेर घालवला, मंग माजं बियानं कोन राखील?’’

आम्ही सगळ्यांनी माना वर करून माळ्याकडे पाहिलं. इतके दिवस खपलो, आणि एवढी साधी गोष्ट कुणी विचारली नव्हती, मीसुद्धा नाही.

मुलगी परत गेली. तीन रविवार आजींच्या चुलीपाशी बसली, चटके खाल्ले, भाकरीही शिकली. मग तिने धुराड्याला एक झडप बसवली. रांधताना धूर बाहेर जातो. रांधून झालं, माणसं उठली की झडप फिरवायची, धूर माळ्यावर. काल आजींनी ती दहा वेळा उघडली, दहा वेळा लावली. ‘‘आता कशी माजी चूल झाली! पर कोंबडीला दुसरी जागा तुमीच बगा.’’ मुलगी इतकी हसली की शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या.

डोंगर उतरताना मी तुझ्यासाठी आणलेल्या चुलीची गोष्ट तिला सांगितली, तेव्हा तिने विचारलं, ‘‘सर, तुमच्या आईंनी तुमची चूल का काढली होती?’’ मी म्हटलं, ‘‘विचारलं नाही गं कधी.’’ तिला एवढंच सांगितलं. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून पुढचं लिहायचा धीर होतोय. तू चूल काढलीस त्या दिवशी मी बाबांना म्हणालो होतो, ‘‘आई अडाणीच राहणार.’’ तू ते ऐकलं नसशील, असं मी सगळ्यांना आणि स्वतःला सांगत आलो. पण पलीकडे तुझा भांडी घासायचा आवाज थांबला होता, आणि ते थांबणं मी ऐकलं होतं.