अंडं आधी वाटीत

तीर्थरूप आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. बेकरीतलं काम अंगवळणी पडलंय, खोलीत सकाळचं ऊन येतं, जेवण वेळेवर होतं.

एक गंमत सांगते. तू शिकवलंस तसं मी प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडते, बघते, मगच पिठात घालते. इथे सगळे थेट पातेल्यात फोडतात. पहिल्याच आठवड्यात मोठे आचारी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही बाई फार स्केप्टिकल आहे." मला वाटलं, मला संशयी म्हणाले. दोन दिवस घास उतरला नाही बघ.

शेवटी घरमालकीणबाईंना विचारलं. त्या शाळेत शिकवायच्या. म्हणाल्या, "संशयी माणूस सगळ्यांनाच चोर समजतो. स्केप्टिकल माणूस एवढंच म्हणतो, आधी दाखवा, मग मानते." म्हटलं, ही तर आमची आई!

परवा एकीने चाळीस केकच्या मिश्रणात नासकं अंडं फोडलं. सगळं ओतून द्यावं लागलं. काल आचाऱ्यांनी प्रत्येकीच्या हातात वाटी दिली. माझ्याकडे बघून हसले मात्र नाहीत, खडूस मेले!

तुझा गुडघा कसा आहे? फोनवर म्हणतेस, "अगदी ठणठणीत." पण मागून दादा खाकरतो, ते मला ऐकू येतं. तेव्हा या बाबतीत मी स्केप्टिकल. त्याच्यासमोर कठडा न धरता जिना चढून दाखव आणि पुढचं पत्र त्याला लिहू दे.

मग मानेन. तूच शिकवलंयस.

तुझी,
धाकटी