टाक्यांसाठी नवे पॉलिमर

तीर्थरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी तो शेकून देतात की नुसतंच बोलून घेतात? (हे त्यांना वाचून दाखवू नका.)

माझं विचाराल तर मला सध्या भरपूर आधार मिळतोय आणि त्यानेच मी मेटाकुटीला आले आहे. आमच्या संस्थेने ‘नवसंशोधक आधार योजना’ काढली आहे. तुम्हाला माहीतच आहे, ऑपरेशननंतर टाके घालायचा पॉलिमरचा दोरा मी बनवते. तीन आठवडे जखम धरून ठेवायची आणि मग अंगातल्या अंगात विरघळून जायचं, एवढंच त्याचं काम. चार वर्षं घासले तेव्हा कुठे तो वेळेवर विरघळायला लागला. आता योजनेत मंजुरी मिळाली तर माझी जागा राहणार, नाहीतर महिनाअखेरीस टेबल रिकामं करायचं.

आधार म्हणजे काय, तर एक कापडी पिशवी, ‘आत्मविश्वासाने उभे राहा’ या विषयावर दिवसभराचं व्याख्यान (आठ तास बसून ऐकलं) आणि एक मार्गदर्शक. हे थोर गृहस्थ मला दोनदा भेटले, दोन्ही वेळा लिफ्टमध्ये, आणि दोन्ही वेळा मला लिफ्टवाली समजून ‘चौथा’ म्हणाले. मी मुकाट्याने बटण दाबलं.

तेही गिळलं असतं. पण माझ्या अर्जाचं शीर्षक होतं ‘टाक्यांसाठी नवे पॉलिमर’. (टाका असो की टाकी, ‘साठी’ लागलं की दोघांचं रूप एकच, हे शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं.) समितीत तिघे विद्वान, तिघांच्या मिळून शंभर वर्षांच्या अनुभवाचा डंका, आणि पहिला प्रश्न काय, तर झाकण घट्ट बसतं का! मी म्हटलं, हे जखमेचे टाके आहेत. त्यावर दुसऱ्यांनी पान उलटून विचारलं, ‘पण तीन आठवड्यांत विरघळली तर गच्चीवर पाणी नाही का होणार?’ मी पुन्हा समजावलं. अध्यक्षबाई मायेने म्हणाल्या, ‘घाबरू नकोस गं, आम्ही तुम्हा मुलांना आधार द्यायलाच बसलोय,’ आणि पुढे झुकून लिहिलं, ‘टिकाऊपणा कमी.’ मामा, मला त्या क्षणी रडूच आलं. उघड्या डोळ्यांनी आंधळी असलेली माणसं माझ्या चार वर्षांचा निकाल लावणार होती.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता.क. : तुम्ही तीस वर्षं पाण्याच्या टाक्या बनवता. कारखान्याच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी दोन ओळी लिहून द्याल का, की ही टाकी नव्हे? माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील.

ता.क. दुसरा : पाकीट चिकटवत होते, तोवर निरोप आला. मंजुरी मिळाली, माझी जागा राहिली. झालं असं, की शेवटी त्यांनी ‘किती लिटरची?’ म्हणून विचारलं तेव्हा मी वैतागून ‘हजार’ म्हणाले होते. खरं सांगायला हवं, कळतंय मला, पण दोऱ्याचं काम अर्ध्यावर आहे. नमुना सोमवारी गच्चीवर बसवायचाय. पत्र राहू द्या. टाकी पाठवा.