खूण सांगा, वस्तू न्या

३ ऑक्टोबर

आई अजून आली नाही. तिसरा दिवस.

मामाला फोन केला. "येईल गं, तिचं हे नेहमीचंच." नेहमीचंच आहे, खरंय. मागच्या वर्षी कुणाची तरी कवळी परत करायला गेली ती थेट दुसऱ्या दिवशी उगवली, आणि वर मलाच विचारलं – केस का नाही विंचरलेस? पण तेव्हा एकच रात्र गेली होती. आणि तेव्हा मी तिला काही बोलले नव्हते.

ब्रेड संपलाय. आणायचा कंटाळा आला.

४ ऑक्टोबर

पोलीस चौकीत गेलो. मामा सोबत होता, सारखा घड्याळ बघत. टेबलामागच्या माणसाने कागद भरायला घेतला. वय? बावन्न. नोकरी? बस डेपोत, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. तो हसला. "म्हणजे हरवलेलं सांभाळणारीच हरवली होय?" मामाही हसला. शाळेत हा विनोद मी चौथीपासून ऐकतेय.

मग विचारलं, ओळखीची खूण? मी म्हटलं, दोन पायांत दोन वेगळे बूट. डावा तपकिरी, उजवा काळा. त्याने पेन खाली ठेवलं. "परिस्थिती बेताची का?" नाही हो! तिचं म्हणणं असं, की जोड धड असला तर कुणीही उचलून नेतं, असला कोण नेईल? हे चौकीत समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. घरी बसून विचार केला तर तिचं म्हणणं पटतं, हेच अवघड आहे.

तिच्या खिडकीवर पाटी आहे, तिनेच रंगवलेली – 'खूण सांगा, वस्तू न्या'. वस्तू आधी दाखवायची नाही. मालकाने खूण सांगायची, ती जुळली तर वहीत सही, मग वस्तू. घरीसुद्धा तेच. आई, माझा कंगवा कुठाय? "खूण सांग." आई, डबा दे, उशीर होतोय. "खूण सांग." नऊ वर्षांची होते तेव्हा मजा यायची. सोळाव्या वर्षी डोकं फिरतं.

५ ऑक्टोबर

मामा म्हणाला, पुढच्या रविवारपर्यंत वाट बघू. मग तू आमच्याकडे यायचं, घराला कुलूप लावायचं. एकटी मुलगी किती दिवस राहणार? मामीने खोली रिकामी करायला घेतलीये.

आणि आई आली तर? बंद दारासमोर उभी राहील. "शेजारी चावी ठेवू," म्हणे. शेजारीण आमच्याशी बोलत नाही. तिची मांजर आमच्या गच्चीत सापडली होती, ती परत देताना आईने खूण विचारली. मांजर समोर ओरडतेय, शेजारीण रडतेय, आणि आई पेन घेऊन उभी.

आठ दिवस आहेत.

७ ऑक्टोबर

आता लिहून टाकते. इथे नाही तर कुठे लिहिणार?

तीस तारखेला आई शाळेत आली होती. पालकसभेला. सभा एकोणतीसला होती. चालू तासात दार ढकलून आत आली, ते दोन बूट, गळ्यात तीन चष्मे लटकवलेले, आणि सरांना विचारलं, "सभा कुठाय?" वर्ग फुटला हसून. सर पण तोंडावर हात ठेवून. मी मान वर केली नाही. आई शोधत होती, कुठल्या बाकावर मी आहे ते, आणि मी मान वर केली नाही.

संध्याकाळी घरी आले आणि सगळं तोंडाला येईल तसं बोलले. सगळ्यांच्या आया सभेच्या दिवशी येतात, तू बैल गेला न् झोपा केला. लाज वाटते तुझी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळतेस, एकदा स्वतःच हरव ना!

ती रागावली नाही. "बरं," म्हणाली. बाबा गेल्यापासून ती माझ्यावर एकदाही रागावलेली नाही. सकाळी उठले तर नव्हती. स्वयंपाकघरात गॅसवर तिची चिठ्ठी – 'बंद'. नळावर – 'बंद'. दाराला आतून – 'चावी, चष्मा, पर्स. मुलगी शाळेत.' या चिठ्ठ्या वर्षभर घरभर आहेत, डेपोची सवय घरी आली म्हणून मी चिडायचे. त्या दिवशी दारावरची मी फाडून टाकली.

मामाला यातलं काही सांगितलेलं नाही.

८ ऑक्टोबर

शाळा बुडवली, डेपोत गेले.

तिच्या खिडकीवर आता भोंगेकाका बसतात. आधी डेपोत बस सुटायची घोषणा ते करायचे, आवाज अजून तेवढाच आहे. "ये, ये! काही कळलं?" सगळा डेपो वळून बघायला लागला. मागच्या खोलीत सगळं जागच्या जागी. छत्र्या एका रांगेत, शाळेच्या बाटल्या, एक व्हायोलिन, एकेकटे हातमोजे दोरीवर टांगलेले. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी. वस्तू काय, कुठे सापडली, मालक कोण, खूण काय. आईचं गोल गोल अक्षर. मी तिथे जरा वेळ बसले. तिच्या खुर्चीवर उशी आहे, मी पाचवीत शिवलेली, वाकडी.

काका म्हणाले, पहिल्या तारखेला सकाळी ती एक काठी घेऊन गेली. एक म्हातारे विसरले होते, पायाने अधू, येऊ शकत नव्हते. त्यांचा पत्ता काकांनी दिला.

"एक विचारू का?" काका कधी नव्हे ते हळू बोलले. "घरी बरी असते ना ती?" म्हटलं, बरी म्हणजे? तेवढ्यात खिडकीवर कुणीतरी आलं.

९ ऑक्टोबर

म्हातारे तिसऱ्या मजल्यावर राहतात. अधू पायाचा माणूस आणि तिसरा मजला!

काठी मिळाली, म्हणाले. "फार भली बाई. माझ्याकडून खूण वदवून घेतली, मगच दिली." मला हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी पुन्हा आली की. म्हणाली, तुमची काठी आणलीये. हात रिकामे. मी कोपऱ्यातली काठी दाखवली, तर म्हणाली, हो का, मग ही कुणी आणून दिली?"

आई चेष्टा करते तेव्हा चेहरा असा कोरा ठेवते की भल्याभल्यांना कळत नाही. आजोबांना तसं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी मला जबरदस्तीने सफरचंद खायला लावलं. परत येताना बसमध्ये झोप लागली, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले.

१० ऑक्टोबर

सापडलं काहीतरी!

डेपोत चिठ्ठ्यांचं पुस्तक असतं. चिठ्ठी फाडून वस्तूला बांधायची, तेच पुन्हा स्थळप्रतीवर लिहायचं, ती पुस्तकात राहते. काका आणि मी सगळी पुस्तकं काढून बसलो, तिने अजून काही पोचवायला नेलंय का बघायला. काका मोठ्याने वाचत होते – टोपी, निळी. सुटकेस, चाक एक. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

'वस्तू – बाई, एक. कुठे सापडली – (मोकळी जागा). खूण – डाव्या कोपरावर इस्त्रीचा डाग. मालक – मुलगी. पत्ता –' आणि पुढे दोन ओळी.

वरची चिठ्ठी फाडून नेलेली.

मला आधी रागच आला. हे कसले चाळे! मग तारीख बघितली. अकरा फेब्रुवारी. भांडण तीस सप्टेंबरचं. म्हणजे माझ्या बोलण्यावरून नाही. मी चार वेळा तारीख वाचली. इतकं हलकं वाटलं की तिथेच, त्या हातमोज्यांच्या खाली बसून रडले. काका बाहेर जाऊन उभे राहिले, गिऱ्हाइकांना सांगत, "पाच मिनिटं थांबा, आत काम चालू आहे," आणि ते अख्ख्या डेपोला ऐकू गेलं.

पत्ता मात्र चुकलाय. जुन्या घराचा लिहिलाय. ते घर सोडून तीन वर्षं झाली. लोक बॅगेवर पत्ता धड लिहीत नाहीत म्हणून उभं आयुष्य लोकांवर करवादणारी माझी आई! काखेत कळसा, गावाला वळसा – हे ती रोज खिडकीवर दहा जणांना ऐकवते.

पण मग ती तिथेच गेली असेल. उद्या जाते.

११ ऑक्टोबर

जुनं घर. जिना तोच, सातवी पायरी अजून फुटकी. दार उघडलं ते कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने. माझ्या स्वयंपाकघरात तिचा पंखा, तिच्या खुर्च्या. मी आईबद्दल विचारायच्या आत तीच म्हणाली, "दोन बूटवाल्या बाईंची कोण तू?"

आली होती. तीनदा. पहिल्यांदा एका बसवाल्याने आणून सोडलं, गळ्यात चिठ्ठी होती, पत्ता इथला. "आम्ही म्हटलं, आम्ही नाही ओळखत. तर दाराला स्वतःची चावी लावायला लागल्या. लागेना म्हणून माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, माझी मुलगी शाळेतून यायची वेळ झाली, तुम्ही निघा आता." दुसऱ्यांदा एक भाजीवाली घेऊन आली, पत्ता वाचून. तिसऱ्यांदा एकटीच आली आणि पायरीवर बसून राहिली. मग या बाईने फोन केला, नदीपलीकडच्या बायकांच्या निवाऱ्याची गाडी आली. चार तारखेला. मी चौकीत बूट समजावून सांगत होते, त्याच दिवशी.

"भल्या आहेत गं, पण जरा..." असं म्हणून तिने कपाळाजवळ बोट फिरवलं. मी म्हटलं, ती पहिल्यापासून अशीच आहे. जरा जोरातच म्हटलं. मूल रडायला लागलं.

निवारा पाचला बंद होतो. फोनवर म्हणाले, उद्या या. हो, दोन बूटवाल्या आहेत. जेवतात. बऱ्या आहेत.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "गेल्या वर्षी तिने मला तुझ्या बाबांच्या नावाने हाक मारली होती. मला वाटलं, थकली असेल." मी म्हटलं, थकलीच असेल. मीही थकलेय.

१२ ऑक्टोबर

आई मिळाली. आई मिळाली. आई मिळाली.

लांबलचक खोली, खिडकीशी टेबल, टेबलामागे आई. समोर धुऊन आलेल्या मोज्यांचा ढीग. एकेक मोजा घेऊन त्याला दोरा बांधत होती, कागदाच्या कपट्यावर लिहीत होती. तिथल्या ताई म्हणाल्या, "आठ दिवसांत आमचा एक मोजा हरवला नाही. नाव मात्र सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, मालक येईल, तोवर थांबा." गळ्यात चिठ्ठी होतीच. कडा मळलेल्या.

मी समोर उभी राहिले. येताना काय काय बोलायचं ठरवलं होतं, माफी आधी मागायची ठरवली होती. तिने मान वर केली, चष्मा बदलला, माझ्याकडे नीट बघितलं.

"खूण सांगा," म्हणाली.

आणि मला हसूच फुटलं! अहो-जाहो करून, चेहरा कोरा ठेवून, अगदी खिडकीवर बसल्यासारखी. ताई घाबरल्या, मी म्हटलं, थांबा, ही अशीच करते. मग सांगितलं. डाव्या कोपरावर इस्त्रीचा डाग, माझा फ्रॉक इस्त्री करताना पडलेला. बूट दोन प्रकारचे. दोऱ्याला गाठ मारताना जीभ बाहेर येते. कधी रागावत नाही.

तिने बाही वर करून कोपर बघितलं. बूट बघितले. "बरोबर आहे," म्हणाली, आणि मोज्यांची वही माझ्यापुढे सरकवली. "इथे सही करा." केली. मग उठली, उशी झटकली, ताईंना पुढचं काम समजावून दिलं आणि माझ्यासोबत निघाली. रस्ता ओलांडताना माझा हात धरला.

मामाला फोन केला. कुलूप लावायचं नाही. मामीला सांग खोली भरून टाक. तो म्हणाला, "उद्या येतो. डॉक्टरांशी बोलतो एकदा." बोल बाबा. काय बोलायचं ते बोल.

बूट काढून मी दाराशी ठेवले. तपकिरी आणि काळा. ती जेवली, मीही जेवले. आता झोपते.

१३ ऑक्टोबर

सकाळी आईने चहा केला. बिस्किटं ताटलीत काढून दिली, माझ्यासमोर बसून मला खाताना बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही माझी फार मदत केलीत. पण आता घरी जा हं बाळा. तुमची आई काळजी करत असेल."

म्हटलं, करते. फार करते ती. निघतेच.

मग तिच्या गळ्यातली चिठ्ठी सोडवली आणि नवीन लिहून बांधली. पत्ता बदलला. मालक तोच ठेवला.